पालम ते पालम, मार्गे लोहगाव

"जगात जर्मनी, भारतात परभणी." ही म्हण ऐकली नाही असा परभणीकर सापडणं अवघड. ती कुणी पाडली आणि का पाडली यावर आमच्याकडे पारावर तासन् तास चर्चा होऊ शकते. पुण्यात तिचा उपयोग वेगळा. कुणी "गाव कुठलं?" विचारलं की म्हण टाकून द्यायची, समोरचा हसतो, विषय संपतो. सध्या मात्र माझ्या खोलीत म्हणीची दोन्ही टोकं एकाच फळीवर येऊन बसली आहेत.

फळीवर तीन विमानं आहेत: लँकेस्टर, फ्लाइंग फोर्ट्रेस आणि लिबरेटर. तिन्ही दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेकी विमानं, प्रत्येकाला चार-चार इंजिनं. अर्थात खरी नव्हेत, डायकास्ट मॉडेलं. प्रमाण १:७२. हा ७२ चा विचित्र आकडा कुठून आला असं मला आधी वाटायचं. हिशोब फूट-इंचांचा आहे: मॉडेलचा एक इंच म्हणजे विमानाचे सहा फूट. युद्धात शत्रूचं विमान कुठलं आणि आपलं कुठलं हे लांबून ओळखायला शिकवण्यासाठी याच मापाची मॉडेलं वापरत. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने तर शाळकरी मुलांकडून अशी लाकडी मॉडेलं करून घेतली होती. म्हणजे आज जो शौक आहे, तो तेव्हा गृहपाठ होता :)

डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू वितळवून तो जोराच्या दाबाने पोलादी साच्यात भरायचा. साधारण चार टक्के ॲल्युमिनियम घातलेलं हे जस्त चारशे अंशांच्या आतच वितळतं. साच्याचा बारीकसा खाचाही ते उचलतं, म्हणून पत्र्यांचे सांधे आणि झडपांच्या रेषा इतक्या स्वच्छ उमटतात. मग रंग, आणि त्यावर सिलिकॉनच्या मऊ गादीने उमटवलेले आकडे, चिन्हं, वैमानिकाने नाकावर रंगवून घेतलेलं चित्र. जस्तात चुकून शिसं मिसळलं तर काही वर्षांनी मॉडेल आतून फुगतं, तडकतं, आणि एक दिवस हातात भुगा येतो. जुन्या संग्राहकांच्या भाषेत ही जस्ताची कीड. तिला औषध नाही.

आता इंजिनिअर म्हटल्यावर आकडेमोड आलीच. लिबरेटर रिकामं असताना सुमारे साडेसोळा टन भरायचं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७२ पटींनी कमी केली की वजन ७२ चा घन, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी कमी व्हायला हवं. उत्तर येतं ४४ ग्रॅम! दोन पेढ्यांचं वजन. माझं मॉडेल मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाऊण किलोच्या पुढे गेलं. खरं विमान म्हणजे पातळ पत्र्याचा पोकळ डबा. त्या पत्र्याच्या आत दहा माणसं, हजारो लिटर पेट्रोल आणि बॉम्ब. ते किती नाजूक होतं हे हातातलं जड, थंडगार मॉडेल तुम्हाला कधीच सांगत नाही.

मॉडेल आणखी बरंच काही सांगत नाही. डब्यावर विमानाचा नंबर असतो, स्क्वाड्रन असते, तारीख असते, कधीकधी पायलटचं नावही असतं. खाली कोण होतं ते नसतं. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर आठवडाभर हल्ले झाले आणि तिथे ३५ हजारांहून जास्त माणसं गेली. आकाशातही काही सुखाचं नव्हतं. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेम्बर्गवर गेलेल्या ब्रिटिश विमानांपैकी ९५ परत आली नाहीत. आणि या न्यूरेम्बर्गची गंमत म्हणजे ते खेळण्यांचं शहर. तिथला एक ज्यू कारखानदार, फिलिप उलमान, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला गेला आणि तिथे त्याने मेटॉय नावाची कंपनी काढली. मेटॉयने १९५६ मध्ये धातूच्या मोटारी बाजारात आणल्या, कॉर्गी या नावाने. पुढे कॉर्गीच्याच नावाने लँकेस्टरची डायकास्ट मॉडेलं निघाली. ज्या गावाने त्याला हाकललं, त्या गावावर बॉम्ब टाकणारी विमानं त्याच्याच ब्रँडच्या डब्यात. लोकांना वाटतं हा पोरखेळ आहे. असेल बुवा.

हे झालं जर्मनीचं टोक. आता परभणीचं.

१९४८ मध्ये परभणी हैदराबाद संस्थानात होती. भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं तरी आम्ही निजामाच्याच राज्यात. त्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या अंधारात संस्थानात चोरून शस्त्रं आणायला सुरुवात केली. विमानं होती लँकेस्ट्रियन, म्हणजे लँकेस्टरचंच सामान वाहण्यासाठी बदललेलं रूप. तोफा काढल्या, टोकं गोल केली, की बॉम्बरचा टेम्पो तयार! नकाशावर कराचीपासून बीदरपर्यंत पट्टी ठेवून पाहा, ती बीड आणि अंबाजोगाईच्या डोक्यावरून जाते. आमच्या गंगाखेड-पालमचं हे शेजारचंच आभाळ. पुढे या उद्योगाबद्दल ब्रिटिश कोर्टाने कॉटनला २०० पौंड दंड केला. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि मराठवाडा भारतात आला.

ही सगळी माहिती मी पुस्तकी. आमच्या आजीची मात्र पुस्तकाबाहेरची. मागच्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अण्णा तिला पालमहून पुण्याला घेऊन आले होते. (पालम म्हणजे आमचा तालुका, गंगाखेड-लोहा रस्त्यावरचा. दिल्लीच्या पालमचा इथे अजून संबंध नाही, येईल.) पट्टी निघाली आणि आजीला लख्ख दिसायला लागलं. ती जमिनीवर बसलेली, फळी उंच, त्यामुळे तिला तिन्ही विमानांची फक्त पोटं दिसत होती.

"हे इमान व्हय रे?"

आमच्याकडे जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात. मी म्हटलं, हो.

"ह्याच्यातून काय न्यायचे?"

"बॉम्ब."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "मंग असलं घरात कामून ठिवलास?"

पोलीस ॲक्शनच्या वेळी ती सहा-सात वर्षांची होती. तेव्हा वर घरघर ऐकू आली की तिचे वडील लेकरांना उभ्या ज्वारीत पालथं निजवायचे. रझाकाराचं इमान का सरकारचं, हे खालून कुणाला कळणार? हात कानावर ठेवून पडून राहायचं, आवाज गेला की उठायचं. आजीच्या दृष्टीने विमान म्हणजे एक आवाज आणि एक पोट. मी ज्या बाजूने विमान पाहतो, वरून, दिव्याच्या उजेडात, ती बाजू तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

तिच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते तिच्या गळी उतरलं असं नाही, पण ते इथे लिहितो. कारण ती तिसऱ्या विमानाची गोष्ट आहे.

लिबरेटर हे अमेरिकेचं विमान. पंखांची लांबी ११० फूट, म्हणजे माझ्या फळीवर सव्वाअठरा इंच. १८ हजारांहून जास्त बनली. इतक्या संख्येने दुसरं कुठलंही चार इंजिनांचं बॉम्बर बनलं नाही. फोर्ड कंपनीने मिशिगनमध्ये विलो रन इथे मोटारी बनवतात तशी ओळीने ही विमानं बनवली. १९४४ मध्ये त्या कारखान्यातून साधारण तासाला एक लिबरेटर बाहेर पडत होतं. ब्रिटिशांनाही ती मिळाली. बंगालमधल्या धावपट्ट्यांवरून उडून त्यांनी ब्रह्मदेश आणि सयाममधले जपान्यांचे पूल आणि रेल्वेमार्ग फोडले. त्या रेल्वेवर राबणारे मजूर, त्यांत मलायातून नेलेले तमिळ लोकही होते, तेही बॉम्बखाली सापडले. आजीचा प्रश्न इथेही लागू आहे. तो पुसून टाकता येत नाही.

मग युद्ध संपलं आणि १८ हजार विमानांचं करायचं काय असा प्रश्न आला. ॲरिझोनाच्या वाळवंटात किंगमनला हजारो बॉम्बर रांगेने उभे केले गेले. काही तर कारखान्यातून थेट तिथे आलेले, कोरे करकरीत. सगळे कापले, भट्टीत टाकले, आणि ॲल्युमिनियमच्या विटा केल्या. भारतात ब्रिटिशांकडे असलेली लिबरेटर उधारीच्या करारातली होती. ती परत तरी करायची नाहीतर निकामी तरी. ती कानपूरला आणून उभी केली आणि निकामी केली. कुठे अंगाला भोकं पाडली, कुठे उपकरणं फोडली, कुठे इंजिनात वाळू ओतली. पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत अशी व्यवस्था करून साहेब गेला.

१९४८ मध्ये भारताला बॉम्बर हवे होते आणि तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा कुणाला तरी कानपूरच्या भंगाराची आठवण झाली. काम आलं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे. ही कंपनी डिसेंबर १९४० मध्ये काढली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, पुढच्या वर्षी ती अमेरिकी सैन्याच्या हातात गेली, आणि युद्ध संपेपर्यंत तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती चालली. इथे एक तांत्रिक योगायोग आहे, जो मला फार आवडतो. डकोटा, कॅटलिना आणि लिबरेटर या तिन्ही विमानांना एकाच घराण्याचं इंजिन: प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३०. चौदा सिलिंडर, हवेने थंड होणारं. पहिल्या दोघांना दोन-दोन, लिबरेटरला चार. म्हणजे लिबरेटर बंगळूरच्या कारागिरांना नवीन असेल, पण त्याचं इंजिन ओळखीचं होतं. हात बसलेला होता.

पण आधी ती विमानं बंगळूरला पोचणार कशी? कंपनीचे वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ती उडवत नेली. कानपूरला जागेवरच कामचलाऊ दुरुस्ती करायची, इंजिनं सुरू होतात एवढं बघायचं, आणि दीड हजार किलोमीटर दक्षिणेला निघायचं. एक नाही, दोन नाही, चाळीसेक विमानं. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच नंबरची स्क्वाड्रन लिबरेटरवर उभी राहिली. १९५१ मध्ये सहा नंबरची, ती आपल्या पुण्याला, लोहगावला. लांब पल्ला हा या विमानाचा मोठा गुण, म्हणून तिच्याकडे समुद्रावरची टेहळणी आली. बॉम्ब टाकण्यासाठी जन्मलेलं विमान पुण्याहून उडून अरबी समुद्रावर जहाजं मोजत राहिलं.

ज्या विमानांना साहेबाने भंगार म्हणून सोडलं, ती १९६८ च्या अखेरपर्यंत भारतीय हवाई दलात होती. वीस वर्षं! तोवर अमेरिका-ब्रिटनमधली लिबरेटर जवळजवळ संपली होती. तिकडच्या संग्रहालयांना जाग आली आणि त्यांनी भारताकडे मागणी केली. एक कॅनडाला गेलं, ओटावाला. एक ॲरिझोनातल्या टक्सनला, म्हणजे ज्या राज्यात त्याचे भाऊ वितळवले त्याच राज्यात. एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला, ज्यांनी मोडलं त्यांनाच. आणखी दोन अमेरिकेत गेली, त्यांतलं एक १९८९ मध्ये पुन्हा उडायला लागलं. आणि एक आपल्याकडे राहिलं, एच ई ९२४. ते आहे दिल्लीला हवाई दलाच्या संग्रहालयात. पालमला!

जगात आज पूर्ण शाबूत म्हणावीत अशी लिबरेटर डझनभराच्या आसपास आहेत. त्यांतली ही सहा भारताने सांभाळलेली. म्हणजे जी कोरी होती ती वितळली, आणि जी मोडून पुन्हा उभी केली ती टिकली.

ही गोष्ट कळल्यापासून मला संग्राहकांच्या बाजाराची एक सवय खटकायला लागली आहे. तिथे सगळ्यात जास्त किंमत न उघडलेल्या डब्याला. डबा उघडला की किंमत उतरते, विमान हाताळलं की आणखी उतरते, आणि एखादा पंखा तुटून चिकटवला असेल तर विचारूच नका. चिकटवलेल्या वस्तूला 'डॅमेज्ड' म्हणतात. पण लिबरेटरच्या बाबतीत वाचलेल्यांची अर्धी यादी चिकटवलेल्यांचीच आहे.

आता अण्णांविषयी. अण्णांचं पालमला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार जळली की शेतकरी ती मोटरसायकलला बांधून आणतो. अण्णा ती खोलतात, जळकी तार उपसतात, नवी तांब्याची तार भरतात, वार्निश मारतात, वाळवतात आणि चालवून दाखवतात. रब्बीत व्होल्टेज पडलं की रांग लागते. माझं नांदेडचं इंजिनिअरिंग त्या रांगेतून झालं. हल्ली रांग आटली आहे. नव्या स्वस्त मोटारी आल्यात, जळली की लोक भंगारात टाकतात आणि नवी घेतात. तशात गाळ्याचं भाडं वाढलं. दुकान बंद करावं का हे अण्णांना मला विचारायचं होतं, आणि ते पुण्यात आठवडाभर विचारत नव्हते. शेवटच्या दिवशी म्हणाले, "जळक्या मोटारी भरण्यात जन्म गेला. नवीन असं काहीच केलं नाही बघ."

हे वाक्य मला ओळखीचं होतं, कारण आमच्या ऑफिसात ते रोज ऐकू येतं. मी ज्या प्रोजेक्टवर आहे त्याचा कोड माझ्या बारावीच्या आधीचा. लिहिणारे सगळे सोडून गेले. आम्ही नऊ जण तो चालता ठेवतो. तो एक तास बंद पडला तर हजारो लोकांची बिलं अडकतात, पण जेवणाच्या टेबलावर 'मेंटेनन्स' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारतात, घरातला आजार सांगावा तसा. नवीन बांधणारा तो इंजिनिअर, सांभाळणारा तो नुसता पगारी. आमच्या सगळ्या व्यवसायाचा हा समज आहे, आणि तो पालमच्या गाळ्यापर्यंत कसा पोचला कोण जाणे.

मी फळीवरून लिबरेटर काढून अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी पहिली गोष्ट काय केली? उलटं केलं आणि स्क्रू शोधले.

"हे खोलायचं कसं?"

"खोलत नाहीत, अण्णा. शोसाठी आहे."

"खोलता येत नसंल तर कामाचं काय?" असं म्हणत त्यांनी चारी पंखे बोटाने फिरवून पाहिले. एक जरा घट्ट होता, तो दोनदा फिरवला. मग मी त्यांना कानपूरची गोष्ट सांगितली. वाळूची, भोकांची, मुन्शींची, चाळीस विमानांची. मला वाटलं, त्यांना आश्चर्य वाटेल. अण्णा शांतपणे ऐकत होते.

"वाळू घातली म्हणतोस? मंग बेअरिंगं गेली असतील. सिलिंडर बी. पण बॉडी धड असंल तर व्हतंय की. त्याला काय!"

अख्ख्या जगाने टाकून दिलेल्या विमानावर पालमच्या कारागिराचा निकाल: व्हतंय की. बंगळूरच्या कारागिरांनीही पहिलं विमान बघून, कन्नडमध्ये का होईना, हेच म्हटलं असणार अशी माझी खात्री आहे.

दुकानाचं काय, ते ठरलेलं नाही. भाडं कमी झालेलं नाही आणि लोक नव्या मोटारी घ्यायचे थांबणार नाहीत. गोष्ट सांगून गाळा वाचत नाही, एवढं मलाही कळतं. रब्बी होऊ दे, मग बघू, असं अण्णा म्हणाले आणि आजीला घेऊन गेले. जाताना आजीने फळीकडे बोट दाखवून विचारलं, "मंग ते इमान आता काय करतंय?" म्हटलं, काही नाही, म्हातारं झालंय, दिल्लीला बसून असतं. "बरं झालं," म्हणाली.

रब्बी संपली की एप्रिलच्या आत एक रविवार गाठून अण्णांना दिल्लीला नेणार आहे. परभणीहून सचखंड एक्स्प्रेस. पालम ते पालम, मधे बदली नाही. अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं की तिथे विमानाला हात लावू देतात का, आणि पाने सोबत घेऊ का.

पाने घरीच ठेवायचे आहेत हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.